नानांचा घोटा आणि बत्तासे

मागच्या महिन्यात माझ्या सुनेने फ्रिजवर एक कागद चिकटवला. माझी हाडं ठिसूळ झाली आहेत आणि रक्तातली साखर हद्दीवर येऊन बसली आहे, असं तपासणीत निघालं, म्हणून. कागदावर सात वारांचे सात रकाने आहेत आणि त्यात तीळ, ताक, नाचणी, शेवग्याची पानं, मोड आलेली कडधान्यं, पनीर ही मंडळी आळीपाळीने हजेरी लावतात. साखर, गूळ आणि मध यांच्यावर लाल काट मारलेली आहे. हे सगळं आता नवीन शास्त्र आहे असं ती मोठ्या मायेने समजावत होती आणि मी शहाण्या सासूसारखी मान डोलावत होते. नाचणी आणि पनीर सोडलं तर हा सगळा कागद मी नववीत असताना आमच्या चिखलीच्या स्वयंपाकघरात जेवून चुकले आहे. पण ते सांगायला गेले असते तर नानांचा घोटा, काचेची नळी आणि बत्तासे हे सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तिला ऑफिसला उशीर होत होता. तेव्हा इथे लिहिते.

नाना म्हणजे माझे वडील. गावातल्या निम्म्या घरांचे भटजी. लोक त्यांना महाराज म्हणत. अंगाने भरलेले, आवाज असा की सत्यनारायणाची कथा तिसऱ्या गल्लीत ऐकू जाई. मंत्रांचे उच्चार इतके चोख की एक मात्रा इकडची तिकडे व्हायची नाही, आणि मंत्र संपला की त्याच तोंडातून अस्सल वऱ्हाडी सुरू. आईने एकदा त्यावरून टोकलं तर म्हणाले, देवासंगं संस्कृत बोलतो तेवढं पुरे हाय, घरी कायले? गोड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पुरणपोळी दुधात, शिरा तुपात, आणि चहा असा की चमचा उभा राहावा. आई म्हणायची की यांना चहा पाजायचा म्हणजे साखरेला थोडं पाणी दाखवायचं. आम्ही तिघंच घरात. नाना, आई आणि मी. माझं नाव शकुंतला, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. घरी शकू.

पडले ते एका सरकीवाल्या व्यापाऱ्याच्या घरी, पूजा सांगताना. यजमानीणबाईंच्या हातून पंचामृताचं पातेलं कलंडलं, ते फरशीवरून हळूहळू नानांच्या पाटापर्यंत आलं, आणि आरतीला म्हणून नाना उठले ते पाचही अमृतांवर एकदम पाय देऊन. हातात घंटा होती. ती पडतानाही वाजत राहिली, त्यामुळे मागच्या लोकांना वाटलं आरती सुरू झाली, आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नाना खाली पडून ओरडत आहेत आणि पंधरा-वीस माणसं ठेक्यात टाळ्या वाजवत आहेत, हे चित्र मी स्वतः पाहिलेलं नाही, पण नानांनी पुढे इतक्या वेळा रंगवून सांगितलं की आता मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

डावा घोटा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टर गावातलेच, त्यांची मुंज नानांनीच लावलेली, त्यामुळे रागावताना त्यांना फार जड जाई. त्यांनी प्लास्टर घातलं आणि हात जोडल्यासारखं करून सांगितलं, की महाराज, हाडं तुमच्या वयाच्या मानाने फार कच्ची झाली आहेत आणि त्यात रक्तात साखर निघाली आहे. साखर उतरली नाही तर हाड धरणार नाही. वाकडं धरलं तर मांडी घालता येणार नाही. पहिली दोन वाक्यं नानांनी शांतपणे ऐकली. तिसऱ्याला त्यांचा चेहरा उतरला. भटजीचं सगळं आयुष्य मांडीवर. पाटावर बसायचं, तासन् तास बसायचं, देवाच्या समोर त्याच्याच पातळीवर बसायचं. खुर्चीवर बसून पूजा सांगणं हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. व्यापाऱ्याने भेटायला आल्यावर सुचवून पाहिलं, तर नाना म्हणाले, देव खाली अन् मी खुर्चीवर, मंग पूजा कोनाची करायची?

चातुर्मास तोंडावर आला होता, म्हणजे नानांच्या कामाचे चार महिने. त्यांच्या जागी देऊळगाव राजाहून एक चुलतभाऊ येऊन पूजा सांगू लागले आणि नाना ओसरीवर पाय लांब करून रस्त्यावरची माणसं मोजू लागले. आईने मात्र पदर खोचला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिने चौकटीत उभं राहून पाठ केलं होतं. दूध, दही, ताक, तीळ, हिरवा पाला, सकाळचं कोवळं ऊन, आणि गोडाला रजा. यात तिला साथ मिळाली ती काशीमावशीची. काशीमावशीचा जांभोऱ्याच्या वाटेला भाजीचा मळा होता आणि रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन ती आमच्या गल्लीत यायची. दुसऱ्याच दिवशी तिने शेवग्याच्या पाल्याचा भारा आणून ओसरीवर टाकला. आई म्हणाली, शेंगा ठीक आहेत, पण पाला? काशीमावशी म्हणाली, "लोकं हा पाला बकऱ्यायले घालतेत अन् सोता गोळ्या गिळतेत. बकरीचा पाय मोडलेला पाह्यला का कधी तुमी?" आईने भारा उचलून आत नेला. त्या दिवसापासून शेवग्याचा पाला आमच्याकडे रोज आला.

त्या दोन-अडीच महिन्यांतलं जेवण मला आजही वारांप्रमाणे आठवतं. सोमवारी शेवग्याचा पाला मुगाच्या डाळीत घोटून, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. मंगळवारी अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, सोबत ताक. मग एक दिवस फुणके आणि कढी. फुणके म्हणजे भिजवलेल्या डाळी भरड वाटून, मुटके करून वाफवायचे आणि कढीत कुस्करून खायचे. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, त्यामुळे आई त्यात भरपूर आलं आणि कोथिंबीर घालायची. तांदुळजा, राजगिऱ्याचा पाला, मटकीची उसळ. पोळी गेली आणि ज्वारीची भाकरी आली, तीही कधी तीळ लावून थापलेली. भाकरी थापताना तीळ तव्यावर तडतडायचे आणि ओसरीवरून नाना विचारायचे, काय फुटून राह्यलं गं? चटण्या तीन: तिळाची, जवसाची आणि कराळ्याची. कराळ्याची काळी चटणी नानांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते म्हणाले की हे डांबर रस्त्यावर टाका, खड्डे बुजतील. आठ दिवसांनी तीच चटणी दह्यात कालवून दोनदा मागू लागले. सकाळी उठल्यावर उन्हात बसायचं, श्रावणातलं ऊन म्हणजे आलं आणि गेलं, त्यामुळे नानांची खुर्ची घेऊन मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हामागे धावायची. देवाच्या समोर नको असलेली खुर्ची उन्हासाठी मात्र त्यांना चालत असे.

चहाचं मात्र कठीण गेलं. बिनसाखरेच्या चहाचा पहिला कप नानांनी तोंडाला लावला आणि कोणीतरी वारल्यासारखे बसून राहिले. माझ्यासाठी आई थोडी साखर कपात वेगळी घालायची. स्वतःचा चहा ती नानांच्याच भांड्यातला गाळून घेई, तसाच. मी विचारलं तर म्हणाली, दोन दोन भांडी कोण घासत बसेल. मला ते पटलं. नववीतल्या मुलीला आईचं बहुतेक सगळंच पटतं, कारण ती त्याकडे लक्ष देत नाही.

आता नळीचं. आजच्यासारखं बोटाला टोचून आकडा बघायची सोय घरात नव्हती. डॉक्टरांच्या कंपाउंडरने मला शिकवलं होतं: काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात सकाळच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा तर बरीच, नारिंगी तर फार, आणि विटकरी झाला तर डॉक्टरांकडे पळायचं. हा कारखाना आईने न्हाणीघराच्या मागे मांडू दिला आणि त्यानंतर मी अंघोळ केल्याशिवाय मला घरात घेत नसे. मला मात्र फार थाट वाटायचा. शास्त्रज्ञ असल्यासारखी मी नळी उजेडात धरून बाहेर यायची आणि आई विचारायची, आज कोणता? जशी काही साडी नेसायची होती. मी सांगायची, पिवळा. दुसऱ्या दिवशी, पिवळा. तिसऱ्या दिवशी, नारिंगीकडे झुकलेला पिवळा.

महिना होत आला तरी रंग उतरेना. आई आधी ज्वारीवर घसरली, मग गवळ्यावर, मग नळीवर, आणि शेवटी माझ्यावर, की ही पोरगी नळी नीट धूत नसावी. एका संध्याकाळी तिने मला काशीमावशीसमोर उभं केलं आणि सकाळपासून नानांनी काय काय खाल्लं ते सगळं म्हणायला लावलं. मी पाढे म्हटल्यासारखं म्हटलं: दूध बिनसाखरेचं, भाकरी दीड, अंबाडी, ताक, चटणी, दुपारी भाजलेले फुटाणे. आई म्हणाली, अजून? मी म्हटलं, अजून काही नाही. काशीमावशी माझ्या हाताकडे बघत होती.

"अन् हे द्रोणात काय हाय वं?"

"हे? हा प्रसाद आहे," मी म्हटलं. "नानांना द्यायला चाललेय."

"तो परसाद हाय, काशे," आईही म्हणाली.

काशीमावशीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मंग परसाद काय कानात घालतेत का महाराज?"

आईचं तोंड उघडं राहिलं. माझंही. मी शपथेवर सांगते की त्या क्षणापर्यंत आम्हा दोघींच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. पूजा कोणीही सांगो, प्रसाद महाराजांना पोचल्याशिवाय यजमानांना चैन पडत नसे. श्रावण म्हणजे तर उधाण: आज कुणाचा सत्यनारायण, उद्या कुणाचा सोमवार, परवा कुणाचं उद्यापन. शिरा, पंजिरी, पेढे, साखरफुटाणे, बत्तासे. दारात द्रोण यायचा, तो मी घ्यायची, दिवा लागला की नानांच्या तळहातावर ठेवायची आणि नाना डोळे मिटून तो तोंडात टाकायचे. डोळे मिटून टाकलेलं कुणी जेवणात धरत नाही. आई दिवसभर चुलीपुढे जे कमवायची ते मी संध्याकाळी माझ्याच हाताने घालवत होते. चाळीस-पन्नास वर्षं झाली, पण हे लिहिताना आजही मला थोडं कानकोंडं वाटतं.

त्याच संध्याकाळी मी नानांना सांगितलं की प्रसाद बंद. नाना भडकले. प्रसादाला नाही म्हणायचं म्हणजे ज्याच्या नावावर आपलं घर चाललं त्यालाच नाही म्हणायचं, असं बरंच बोलले. मग जरा निवळले आणि मला त्यांनी त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं. नैवेद्य दाखवतो तेव्हा देव तो घेतो. काय घेतो? दिसतं तर तेवढंच. तर आतला गोडवा, सत्त्व, जे काय असेल ते देव घेतो आणि माणसाला उरतो तो नुसता प्रसाद. "त्यातली साखर देवानं घेतली असते, शकू. माह्या वाट्याले येते तो निरा भाव." मी म्हटलं, मग नळीत बघू. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, आण तुही नळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आई, काशीमावशी आणि नाना यांच्यासमोर मी आदल्या दिवशीच्या प्रसादातला एक बत्तासा पाण्यात विरघळवला. बत्तासा म्हणजे नुसती साखर, फुगवलेली. आता उडतो भडका, अशा तोऱ्यात मी त्यातले आठ थेंब निळ्या औषधात टाकले आणि उकळलं. निळं. अजून उकळलं. निळंच. आठाचे सोळा थेंब केले, तरी श्रावणातल्या उघडीपीच्या आभाळासारखं स्वच्छ निळं. नानांनी नळी हातात घेऊन सगळ्यांना फिरवून दाखवली. महिनाभर मीच सांगत आले होते की नळी खोटं बोलत नाही. नाना म्हणाले, "देवानं घेतली का नाही साखर?" आईने नळीला नमस्कार केला. काशीमावशी तेवढी पाटी उचलता उचलता पुटपुटली की कायतरी घोळ हाय, पण तिचं कोण ऐकतं. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. नानांना त्यांच्या आवडीचं मिळणार होतं, देवही खरा निघाला होता, आणि माझ्यावरचा आळ गेला होता.

बातमी गावभर झाली. महाराजांच्या प्रसादातली साखर देव घेतो आणि तसं शास्त्राने सिद्ध झालं आहे, असं ऐकून लोक पूर्वी द्रोण पाठवत ते आता डबे पाठवू लागले. आठ दिवस नानांनी प्रसादावर मनापासून भक्ती केली. सकाळची नळी आधी नारिंगी झाली, मग विटकरी. आईने विचारणं बंद केलं. नाना म्हणत, हे ज्वारीचंच असन.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी फोटो काढला. हाड धरलं नव्हतं. जखडलेला पाय बघत डॉक्टर म्हणाले की अजून एक महिना बघू, नाहीतर अकोल्याला नेऊन ऑपरेशन, आणि त्यानंतर मांडी येईल याची खात्री मी देणार नाही. या वेळी त्यांनी महाराज म्हटलं नाही, काका म्हटलं, आणि त्यानेच आम्ही जास्त घाबरलो. घरी आल्यावर नानांनी पाट मागितला. प्लास्टरचा पाय पुढे पसरून ते भिंतीला टेकून पाटावर बसले आणि संकल्प म्हणू लागले, ज्या आवाजाने गल्ल्या दणाणायच्या त्याच आवाजात. मध्येच थांबले. मी आणि आई स्वयंपाकघरात होतो. आम्हाला वाटलं विसरले. पण नाना संकल्प विसरणं शक्य नव्हतं. मी डोकावले तर ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि गालावरून पाणी येत होतं. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला इतकी भीती वाटली की मी तिथून पळाले, ती थेट शाळेत.

शाळा सुटलेली होती, पण विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत काचसामान पुसत होते. मी सगळं सांगितलं, बत्ताशासकट. सर आधी पोट धरून हसले आणि माझा चेहरा बघून थांबले. मग म्हणाले, की वेडे, हे निळं पाणी प्रत्येक साखरेला ओळखत नाही. बत्ताशातली साखर जोडीने असते, दोघी एकमेकींचा हात धरून, आणि अशा जोडीला हे औषध हात लावत नाही. पोटात गेली की जोडी सुटते आणि तीच साखर रक्तात जाते. घरी करून बघायचं असेल तर लिंबू पिळून उकळ, थोडा वेळ चांगलं उकळ, मग खायचा सोडा घालून आंबटपणा मार आणि मग नळीत टाक. मी वाटेत लिंबू घेऊनच घरी आले.

नाना ओसरीवर होते. मी त्यांच्या पुढ्यातच दिवा पेटवला. बत्तासा विरघळवला, लिंबू पिळलं, उकळलं. सोडा टाकला तसा फेस वर आला. मग निळ्या औषधात आठ थेंब. आई चौकटीत येऊन उभी राहिली. नळीतलं निळं आधी मळकट हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता आमच्या घराच्या भिंतीच्या विटेसारखं झालं. मी म्हटलं, "नाना, तेव्हा माझंच चुकलं होतं. पोटात गेल्यावर असं होतं."

नानांनी नळी घेतली आणि उजेडात धरली.

"म्हंजे देवानं नाही घेतली," ते म्हणाले.

"नाही."

"सारीच मले देली." मग त्यांना हसू आलं, ओलं, पण हसूच. "अन् मी म्हणून राह्यलो होतो का देव खाऊन घेते."

त्या दिवसापासून प्रसादाची रीत बदलली, आणि ती नानांनीच ठरवली. द्रोण आला की डोळ्यांना लावायचा, त्यातला एक कण जिभेवर ठेवायचा, आणि बाकीचा दारातून जाईल त्याला वाटायचा. ते म्हणत, प्रसाद वाटून खावा असं मी तीस वर्षं लोकायले सांगून राह्यलो, स्वतः काऊन नाही केलं देव जाने. यजमानांनाही निरोप गेले. गोकुळाष्टमीला देवाला ज्वारीच्या लाह्या आणि दह्याचा काला चालतो ना? मग तोच पाठवा. तिळाची चटणी पाठवली तरी चालेल, नैवेद्य दाखवून. गावात आधी कुजबुज झाली आणि मग चढाओढ लागली. अडत दुकानवाल्या शेठाणीबाईंनी दही-लाह्यांचं असं पातेलं पाठवलं की गल्लीने जेवावं. नाना रोज उन्हात बसले, रोज शेवग्याचा पाला खाल्ला, आणि बकरीसारखं ओरडून काशीमावशीला दाखवू लागले. नळी नारिंगीवरून पिवळ्यावर आली, तिथे रेंगाळली, मग हिरवी झाली. निळी मात्र होईना.

भाद्रपदात प्लास्टर निघालं. हाड धरलं होतं, सरळ. पण पाय लाकडासारखा झाला होता आणि मांडी घालून बघायची हिंमत नाना करत नव्हते. घरी आम्ही पाट मांडला की काहीतरी निमित्त काढून उठायचे. मग महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या. शेठाणीबाईंकडच्या महालक्ष्म्यांची पूजा दरवर्षी नानांचीच, आणि त्यांनी कुणालाच विचारलं नाही, सरळ बोलावणं पाठवलं. आम्ही तिघं गेलो. दोन्ही महालक्ष्म्या साड्या नेसून, नथ घालून उभ्या, पुढे सोळा भाज्यांचा, आंबिलीचा, पुरणपोळ्यांचा नैवेद्य. शेठाणीबाईंनी हळूच विचारलं, खुर्ची आणू का महाराज? नानांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते खाली टेकले. उजवा पाय दुमडला. डावा दोन्ही हातांनी धरून हळूहळू आत ओढू लागले. कपाळावर घाम आला, खांद्यावरची बोटं माझ्या हाडात रुतली. मी मनात त्या दोघी महालक्ष्म्यांना म्हटलं की आता जरा बघा नानांकडे. पाय बसला. नानांनी एक श्वास सोडला, आचमनाचं पाणी हातावर घेतलं, आणि आवाज लावला तो तिसऱ्या गल्लीपर्यंत.

जेवायला नाना मांडी घालूनच बसले. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आणि ती त्यांनी दोन वाट्या घेतली. सोळा भाज्यांची भाजी मागून घेतली आणि त्यातला शेवग्याचा पाला शोधून मला दाखवला. मग शेठाणीबाई तूप सोडलेली पुरणपोळी घेऊन आल्या आणि महालक्ष्मीचा प्रसाद, एक तरी, असा आग्रह सुरू झाला. सगळी पंगत बघत होती. नानांनी पोळी घेतली, डोळ्यांना लावली, तिचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला आणि उरलेली माझ्या पानात टाकली. म्हणाले, तू खाय, मी पाहतो. मी खाल्ली आणि त्यांनी खरंच शेवटच्या घासापर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निळी राहिली. मला खरं वाटेना, म्हणून पुन्हा उकळली. निळीच. मी हात न धुता, अंघोळ न करता तशीच स्वयंपाकघरात घुसले आणि आई रागावलीसुद्धा नाही. ती चहा गाळत होती. नाना पाटावर, मांडी घालून. त्यांनी नळीकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या कपाकडे.

"शकू, तुह्या आईच्या चहात साखर टाक."

आई म्हणाली, मला बिनसाखरेचाच आवडतो. आता सवय झाली.

"काही आवडत नाही," नाना म्हणाले. "कप तोंडाले लावला का तुह्यं तोंड कसं होते, ते दोन-अडीच महिने रोज पाहून राह्यलो मी."

मी नळी हातात घेऊन उभी होते. दोन दोन भांडी कोण घासत बसेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मी डब्यातून दोन चमचे साखर काढून तिच्या कपात घातली आणि ढवळली. आईने एक घोट घेतला, पदराने डोळे पुसले, आणि लय गोड झाला म्हणाली. पण कप शेवटपर्यंत रिकामा केला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकाच भांड्यात, दोघांचा, बिनसाखरेचा.